फाटक्या कानाचं भेटकार्ड

एका जंगलात ठमाबाई नावाचं एक शेकरू राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका, बाळांनो. नाव सांगितलं की मोठी माणसं रविवारी तिथे गाड्या घेऊन जातात आणि येताना रिकाम्या बाटल्या ठेवून येतात.

ठमाबाई भेटकार्डं करायची. हाताने, रबरी ठसे उमटवून. आता जंगलात रबर कुठून आलं, असा प्रश्न तुमच्यातल्या हुशार मुलांना पडेल. हुशार मुलांचा मला थोडा त्रासच होतो, पण सांगतो. वर डोंगरात एक धबधबा होता. माणसं तिथे फोटो काढायला उतरायची, घसरायची, आणि त्यांच्या चपला वाहत खाली यायच्या. कधी डाव्या पायाची, कधी उजव्या पायाची, जोडी म्हणून कधी नाहीच. ठमाबाई ती चप्पल उन्हात सुकवायची आणि दातांनी कुरतडून तिच्या तळाला ठसा कोरायची.

कागद गांधीलमाश्या पुरवायच्या. त्या लाकूड चघळून छान राखाडी कागद काढतात. मोबदल्यात ठमाबाईने त्यांच्या पोळ्याकडे बघायचंसुद्धा नाही, एवढीच त्यांची अट होती. लाल शाई शेंदरीच्या बियांची, जांभळी जांभळांची, काळी वणव्यातल्या कोळशाची. शाईची गादी म्हणून ओलं शेवाळ.

तिच्याकडे नेच्याच्या पानाचा ठसा होता. मुंगळ्यांच्या रांगेचा होता. पोराच्या उवा काढणाऱ्या माकडिणीचा होता. जंगलात कुणालाच लिहिता येत नव्हतं, त्यामुळे मजकूर साळुंकी पाठ करायची आणि दारात जाऊन म्हणून दाखवायची.

एकदा कार्डांची सवय लागली की सुटत नाही. नागाला 'कात टाकल्याबद्दल अभिनंदन' जायचं. धनेशाची बायको अंडी घालायला ढोलीत कोंडून घ्यायची, ती बाहेर आली की तिला 'पुनरागमनाच्या शुभेच्छा'. बिबट्याची शिकार हुकली की बिबट्याला सांत्वनाचं कार्ड आणि हरणाला अभिनंदनाचं. दोन्हींवर ठसा एकच, मजकूर फक्त वेगळा. शिकार साधली तर बिबट्या स्वतः हरणाच्या घरी कार्ड पाठवायचा: 'आपल्या दुःखात मी सहभागी आहे.' आणि सहभाग मोठाच असायचा त्याचा, खोटं कशाला बोला!

ज्याच्या दारात कार्डं जास्त, त्याला मान जास्त. घरी कुणी कुणाकडे जात नव्हतं. कार्ड पाठवलं की झालं.

त्या जंगलाचा राजा होता तडाखेराव नावाचा वाघ. त्याचा डावा कान अर्धा फाटलेला होता. लढाईत फाटला, असं दरबारी सांगायचे. कुठल्या लढाईत ते विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायची संधी मिळत नसे.

एक दिवस राजाचा प्रधान ठमाबाईच्या झाडाखाली आला. प्रधान म्हणजे उदाजीपंत उदमांजर. मिशांना तेल, आवाजाला त्याहून जास्त तेल.

"ठमाबाई, अभिनंदन," पंत म्हणाले. "महाराजांच्या राज्यारोहणाचा वाढदिवस जवळ आलाय. घरटी एक लाल काठाचं कार्ड जायचं. त्यावर महाराजांचं मुखकमल हवं."

"मी पानंफुलं करते हो, पंत. मुखकमल कधी केलं नाही."

"कमळ म्हणजे फूलच की. करा सुरुवात."

"आणि नाही आवडलं महाराजांना तर?"

"आवडलं तर बक्षीस," पंत म्हणाले. "नाही आवडलं, तर न्याहारी."

ठमाबाई गेली गुहेसमोर. महाराज तिच्याकडे तोंड करून बसले. धबधब्यातून एक भली जाड बुटाची टाच वाहून आली होती, ती घेऊन ती कोरायला बसली. मिशी न् मिशी कोरली. पट्टा न् पट्टा कोरला. फाटका कान तर असा कोरला, की त्याला हात लावावासा वाटावा.

आता बाळांनो, हे नीट ऐका, कारण इथून पुढे सगळ्या जंगलाचा घोळ होणार आहे. राजा आपल्याकडे तोंड करून बसला, की त्याचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. ठमाबाईने तो जसा दिसला तसा, टाचेवर उजवीकडे कोरला. पण ठसा कागदावर टेकवला की सगळं उलटं उमटतं. उजवीकडचं डावीकडे जातं. पानाफुलांना त्याचं काही नसतं. म्हणून ठमाबाईला आजवर हे कुणी शिकवलं नव्हतं आणि तिला स्वतःला कधी खटकलं नव्हतं.

पंतांनी ती टाच हातात घेतली, महाराजांच्या चेहऱ्याशेजारी धरली आणि मान डोलावली.

"हुबेहूब! मंजूर!"

मंजूर म्हटल्यावर ठमाबाईने घरी जाऊन भराभर ठसे उमटवले आणि साळुंकीने भराभर कार्डं वाटली. दारोदारी महाराज लटकले. शेवटचं कार्ड स्वतःच्या ढोलीच्या दाराशी लावताना ठमाबाई दोन पावलं मागे सरली. फाटका कान भलत्याच बाजूला होता!

तिने डोळे चोळून पाहिलं. शेपूट झटकून पाहिलं. कान काही जागचा हलला नाही.

त्या दिवशी तिला फणसाचा गरासुद्धा गोड लागला नाही. एक तर महाराज तिला खाणार, ही भीती. आणि दुसरं, मला विचाराल तर जास्त मोठं दुःख: आपल्या हातचं चुकीचं काम घरोघरी लागलंय आणि येणारा जाणारा ते बघतोय. हाताने काम करणाऱ्यालाच हे दुःख कळतं. बाकीचे म्हणतात, असू दे, कोण बघतंय!

तिने एक नवी चप्पल घेतली. या खेपेला सगळं उलटं कोरलं. कागदावर उमटवलं, तर काय, साक्षात तडाखेराव! फाटका कान बरोबर आपल्या उजव्या हाताला. 'खाल्लं तर खाल्लं, पण बरोबर कार्ड देऊन मरेन,' असं म्हणून ती दरबारात गेली.

तिकडे दरबारात वेगळीच गंमत चालली होती. महाराज तळ्याच्या काठावर बसले होते, पंजात पहिलं कार्ड धरून. एकदा पाण्यात बघायचे, एकदा कार्डात बघायचे, आणि खूश व्हायचे. कारण महाराजांनी स्वतःला आजवर फक्त पाण्यात पाहिलं होतं. पाण्यात डावा कान डावीकडेच दिसतो. कार्डावरही फाटका कान डावीकडेच होता!

सबंध जंगलात महाराज तसे कुणालाच दिसत नव्हते, एका महाराजांशिवाय. पण हे बोलणार कोण? पंत म्हणत होते, "वा! प्रत्यक्ष महाराजसुद्धा इतके महाराजांसारखे दिसत नाहीत."

नेमकी तेवढ्यात ठमाबाई पोचली. डोळे मिटून तिने नवं कार्ड पुढे केलं.

"महाराज, हे घ्या. हे खरं."

महाराजांनी कार्ड पाहिलं. पाण्यात पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं.

"हा कोण?"

"आपणच, महाराज."

"मी? माझा डावा कान फाटका आहे, आणि यात डावीकडचा कान धड आहे! माझ्या दरबारात येऊन मला दुसऱ्याच वाघाचं तोंड दाखवतेस?"

महाराजांनी जबडा उघडला. ठमाबाईला आतले दात दिसले, पडजीभ दिसली, पडजिभेच्या मागचा अंधार दिसला. तिने आयुष्यात कधी खोटं कार्ड पाठवलं नव्हतं. पण अंधार अगदी जवळ आला होता.

"तोतया!" ती ओरडली. "महाराज, हा तोतया आहे! आपल्यासारखा दिसणारा. जंगलात फिरतोय म्हणे. सावध करायला आले होते."

महाराजांनी जबडा मिटला. पंतांनी घसा खाकरला.

"मी हेच सांगणार होतो, महाराज," ते म्हणाले. "पण म्हटलं, सणासुदीचं कशाला."

झालं! हुकूम सुटला. तोतयाची कार्डं काढा, काळ्या काठाची. पहारेकऱ्यांना वाटा. दिसेल तिथे धरा आणि नदीपार हाकला. ठमाबाईने निमूटपणे कार्डं काढली. तिला वाटलं, असला तोतया कुठे नाहीच, मग सापडतोय कुणाला!

पहाऱ्यावर कोळसुंदे होते. कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. एकटा असला तर विचार करतो, कळपात असला तर हुकूम पाळतो. त्यांचा नाईक होता हैबती.

राज्यारोहणाच्या दिवशी सकाळी तडाखेराव नटूनथटून गुहेबाहेर आले. समोर हैबती उभा. त्याने मुजरा करायला मान खाली घातली, आणि मान खाली घालता घालता त्याचं लक्ष कार्डाकडे गेलं.

"थांबा जरा," हैबती म्हणाला. "ए, कार्ड धर रं वर. फाटका कान कुठल्या अंगाला हाय?"

"काळ्या काठाच्या कार्डात उजव्या हाताला," कळपातून उत्तर आलं.

"आन् म्हाराजांच्या कार्डात?"

"डाव्या."

"आन् ह्यो समोर हाय, ह्येचा?"

कळपाने बराच वेळ बघितलं.

"उजव्या."

"मंग धरा की! बघताय काय?"

"अरे, मीच राजा आहे!" तडाखेरावांनी डरकाळी फोडली. झाडावरची पानं गळली.

"डरकाळी झ्याक जमलीया," हैबती म्हणाला. "शिकून आलाय बेटा."

"पंत! सांगा यांना!"

पंतांनी महाराजांकडे पाहिलं. मग कार्डाकडे पाहिलं. ते कार्ड पंतांनीच मंजूर केलं होतं. ते चुकीचं म्हणावं, तर पंतही चुकीचे. त्यांनी मिशांवरून पंजा फिरवला आणि म्हणाले, "मी महाराजांना रोज पाहतो. हे गृहस्थ त्यांच्यासारखे दिसतात, एवढंच म्हणेन."

तडाखेराव रागाने थरथरत तळ्यावर गेले. पाठोपाठ सगळा कळप.

"हे बघा! पाण्यात बघा! कुठे आहे कान?"

सगळ्यांनी वाकून बघितलं. पाण्यात फाटका कान अगदी कार्डासारखा डावीकडे होता. हैबतीने पटकन पाण्याला मुजरा केला.

"म्हाराज आत हायेत," तो म्हणाला. "ह्यो भायेरचा तोतया हाय."

त्यांनी पाण्यातल्या महाराजांना पाठ न दाखवता बाहेरच्या महाराजांना चारी बाजूंनी घेरलं. तडाखेरावांची नजर झाडावर गेली. तिथे ठमाबाई शेपटीत तोंड लपवून बसली होती.

"ठमाबाई, तू कोरलंस ना? तू सांग!"

खरं सांगितलं तर महाराज सुटणार. सुटले की पहिला घास कुणाचा, हे काय सांगायला हवं? ठमाबाईने एकदा त्या जबड्याकडे पाहिलं. पण त्या दिवशी तोंडातून निघालेलं ते एक खोटं तिच्या घशात अजून अडकून बसलं होतं. तिला ते सहन होईना. ती खाली उतरली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "ठसा उलटा कोरायचा असतो, ते मला माहीत नव्हतं. लाल काठाचं कार्ड चुकलं. काळ्या काठाचं बरोबर आहे. तोतया बितया कुणी नाही. हेच महाराज आहेत."

बोलून तिला इतकं हलकं वाटलं, की आता खाल्लं तरी चालेल, असं तिच्या मनात आलं.

हैबती तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, घराघरात लागलेलं कार्ड चुकीचं कसं असंल? म्हाराजांच्या मुखाला चूक म्हनू नये. ह्या खेपेला सोडतो. घरी जावा."

आणि त्यांनी तडाखेरावांना नदीपार हाकललं.

सिंहासनावर लाल काठाचं कार्ड ठेवलं गेलं. वाढदिवस थाटात झाला. नवे महाराज कुणालाही खात नव्हते, त्यामुळे लोकप्रियही झाले. ते काही बोलत नसत, पण पंतांना ऐकू येत असे. वाळवीने महाराज खाल्ले की पंत ठमाबाईकडून नवे उमटवून घेत आणि राज्य पुढे चालू राही.

इकडे नदीपार तडाखेराव विचार करून करून वाळले. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली. कार्ड आपल्याप्रमाणे होत नाही, तर आपण कार्डाप्रमाणे व्हावं! त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि आपल्याच पंजाने आपला उजवा कान फाडला. फार दुखलं हो त्यांना. तसेच रक्ताळलेले नदी पोहून ते पहाऱ्यावर आले.

"आता बघ," ते हैबतीला म्हणाले. "आता तरी कार्डासारखा दिसतो की नाही?"

हैबतीने लाल कार्ड धरलं. त्यात एक कान धड होता. काळं कार्ड धरलं. त्यातही एक कान धड होता. समोरच्याचे मात्र दोन्ही कान फाटके.

"ह्यो तिसराच हाय," हैबती म्हणाला, आणि त्याने ठमाबाईला निरोप धाडला. "बाई, आनखी येक कार्ड लागंल. निळ्या काठाचं करा."

ठमाबाई आली. तिने त्या रक्ताळलेल्या वाघाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. वाघालाही फुटलं. दोघंही खरं बोलून चुकले होते आणि आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने डोळे पुसले, चप्पल मांडीवर घेतली आणि विचारलं, "महाराज, मान जराशी वर घ्याल?"

तात्पर्य: चूक झाली तर घाबरून ती दुरुस्त करायला धावू नये. तिच्या भरपूर प्रती काढून घरोघरी वाटाव्यात. त्यानंतर दुरुस्ती करावी लागते ती फक्त वाघाची.