गोकर्णीचा चोर

देवासाठी घेतलेलं फूल ही चोरी होत नाही, असं मला लहानपणीच सांगण्यात आलं होतं. कोणी सांगितलं ते आठवत नाही, पण सांगणाऱ्याच्या हातात परडी होती एवढं नक्की. निवृत्तीनंतर मी या वचनावर पूर्ण श्रद्धा ठेवून वागत होतो. रोज सकाळी नावडे कॉलनीतून फेरी मारायची (साखरेसाठी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून) आणि येताना ज्याच्या कुंपणातून जे बाहेर डोकावत असेल ते पिशवीत घालून आणायचं. सरकारी कचेरीत मी आयुष्यभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो. निवृत्तीनंतर जावक बंद झाली. आवक तेवढी चालू ठेवली.

मग आमच्या सोसायटीने कॅमेरे बसवले. कॅमेरे बसवावेत हा ठराव मीच मांडला होता. (दारासमोरच्या चपला जात होत्या.) ठराव एकमताने मंजूर झाला आणि थोड्याच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. त्यात तळमजल्यावरच्या झहूरभाईंच्या भिंतीपाशी एक वयस्कर गृहस्थ छत्रीच्या मुठीने जास्वंदीची फांदी खाली ओढतात. फांदी वर जाते, तिच्याबरोबर गृहस्थही वर जातात आणि क्षणभर तिथेच राहतात. आमचा सेक्रेटरी दिपेश याने तो व्हिडिओ खरं म्हणजे भटक्या कुत्र्याच्या तक्रारीसंदर्भात टाकला होता. कुत्रा कोपऱ्यात झोपलेला दिसतो. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

झहूरभाई मुरूडकडचे, बोटीवर नोकरी केलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी खाली एवढंच लिहिलं, "खांबेटेसाहेब, छत्री मोडेल. गेट उघडंच असतं."

त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी ताठ मानेने उत्तर तरी दिलं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं ही फुलं अशी येत होती?" सरोजिनीने विचारलं. सरोजिनी म्हणजे आमचं कुटुंब.

"मी नेहमी म्हणायचो ना, येताना घेतली म्हणून."

"मला वाटायचं, विकत घेतली."

"विकत असं मी कधीच म्हटलं नव्हतं."

"नाही म्हटलंत. तुमची नोकरीच तशी झाली." तिने पिशवी माझ्या हातात परत दिली. "आजपासून तुम्ही आणलेलं फूल माझ्या देव्हाऱ्यात जायचं नाही."

"अगं, देवासाठीच आणतो ना मी?"

"देवाने मागितली होती का?"

आमच्या घरात पूजा ती करते आणि फुलं मी आणतो. धर्मकार्यातला माझा वाटा एवढाच होता, आणि तोच काढून घेण्यात आला. शिवाय सोसायटीत मला नवं नाव पडलं होतं. जिन्यातून जाताना चौथ्या मजल्यावरची क्षिप्रा आपल्या मुलीला म्हणाली, "काकांना गुड मॉर्निंग कर." मुलगी म्हणाली, "फुलचोर काका, गुड मॉर्निंग." त्या वयाची मुलं मनाने काही बोलत नाहीत, घरी ऐकतात तेच बोलतात.

तेव्हा मी ठरवलं, आपण स्वतः वेल लावायचा. रोप आणायचं नाही, बी पेरायचं. माझ्या हातच्या वेलाचं फूल सरोजिनी देवाला वाहील त्या दिवशी माझ्यावरचा डाग धुतला जाईल. आमचंही घर तळमजल्यावर आहे. खिडकीच्या जाळीखाली मातीची एक पट्टी आहे, तिच्यात आजवर फक्त वरच्या मजल्यांवरून पडलेले कपड्यांचे चिमटे उगवले होते.

गोकर्णीचं बी मी कॉलनीबाहेरच्या सार्वजनिक बागेतून आणलं. तिथे 'फुले तोडू नयेत' अशी पाटी आहे. शेंगांबद्दल पाटीवर काही लिहिलेलं नाही. (मी दोनदा वाचली.)

गोकर्णीचं बी टणक असतं. ते रात्रभर भिजत घालावं लागतं असं मी मोबाइलवर पाहिलं आणि त्यापुढचं डोकं स्वतःचं चालवलं. सरोजिनी मटकीला मोड आणायला फडक्याची पुरचुंडी बांधते. बी म्हणजे बी, असा विचार करून मी भिजवलेली गोकर्ण गुपचूप तिच्या पुरचुंडीत सरकवली. इतक्या मटकीला मोड येतात, तिथे आणखी मूठभर दाण्यांना काय जड आहे? दुसऱ्या दिवशी मी फेरी मारून आलो तोवर उसळ झाली होती. सरोजिनीचा त्या दिवशी उपास होता, म्हणून ती वाचली. उसळीत काही दाणे दाताखाली कडक लागत होते, पण मी नुकताच फुलचोर ठरलो होतो. तक्रार करण्याची माझी परिस्थिती नव्हती. गोकर्णीचं बी रेचक असतं ही माहितीही मोबाइलवर होती. ती मी संध्याकाळी वाचली, बसल्या जागी, कारण तिथून उठता येत नव्हतं.

उरलेलं बी मग रीतसर मातीत गेलं. कोंब आले. त्यांना चढायला दोऱ्या हव्यात म्हणून मी माळ्यावरून कचेरीतली लाल फीत काढली (निरोपाच्या वेळी एक रीळ चुकून माझ्या सामानात आलं होतं) आणि जाळीला बांधली. वेल त्या फितीवरून सरसर वर गेला. लाल फितीत अडकून एखादी गोष्ट इतक्या वेगाने पुढे सरकल्याचं माझ्या नोकरीत आणि निवृत्तीत हे पहिलंच उदाहरण.

आणि मग एक दिवस निळी फुलं आली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'स्वकष्टार्जित.'

परंतु फुलं तोडायची मी घाई केली नाही. एकदोन फुलं काय वाहायची? ताम्हनभर फुलू देत, मग तिच्यापुढे ठेवू, असा माझा बेत होता. संध्याकाळी मी उद्या उमलणाऱ्या कळ्यांवरून हात फिरवायचो. सकाळी फेरीवरून आलो की वेलावर पानं. नुसती पानं. एकही फूल नाही.

असं रोज होऊ लागलं.

"अगं, आपली फुलं कोणीतरी नेतंय," मी म्हणालो.

"नेऊ देत. देवासाठीच नेत असतील," सरोजिनी म्हणाली आणि कणीक तिंबत राहिली.

एका सकाळी मी फेरीला गेलोच नाही. खिडकीत पडद्यामागे बसून राहिलो. त्या दिवशी एकाही फुलाला कोणी हात लावला नाही. (सरोजिनीने मात्र दोनदा विचारलं, "आज फिरायला नाही का जायचं? जा हो, साखर वाढेल.") यावरून मी एक अत्यंत तर्कशुद्ध निष्कर्ष काढला. चोराला माझी फेरीची वेळ ठाऊक होती. माझी वेळ कोणाला ठाऊक? जो माझ्याबरोबर फिरतो त्याला. म्हणजे आप्पांना.

आप्पा हे बी विंगमधले, खत कारखान्यातून निवृत्त झालेले. आमची फेरी गेली कित्येक वर्षं एकत्र. ते मुळात कमी बोलतात, म्हणून आमची मैत्री टिकली. अलीकडे ते खाली यायला जरा उशीर करत आणि आल्यावर माझ्याकडे पाहून गालातल्या गालात हसत. मी त्यांच्या विंगमध्ये जाऊन पाहिलं. त्यांच्या दाराशी अनंताची कुंडी आहे. (तिच्यातलं एखादं फूल पूर्वी माझ्याकडे यायचं. वास फार छान.) त्या कुंडीच्या कडेवर द्रोणात माझी निळी गोकर्ण ठेवलेली होती.

मी तिथूनच ग्रुपवर लिहिलं. 'माझ्या बागेतील फुले रोज चोरीला जात आहेत. चोर बी विंगमध्ये असून दररोज माझ्यासोबत फिरतो. पुरावा उपलब्ध आहे.' नाव लिहिलं नाही, सभ्यता पाळली. माझ्यासोबत फिरणारा बी विंगमध्ये एकच माणूस आहे, ही गोष्ट वेगळी.

आप्पांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते फिरायलाही आले नाहीत. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दिपेशचा फोन आला. "काका, मेसेज डिलीट करा ना. नाय बरं दिसत."

"करतो. आधी मला कॅमेऱ्यातलं दाखव."

"मी घरी येऊन दाखवतो तुमाला. एकट्याला."

"एकट्याला का? माझा व्हिडिओ तू एकट्याला दाखवला होतास का?"

"काका, तो कुत्र्याचा होता."

"जे काही असेल ते रविवारच्या सभेत दाखव. सगळ्यांसमोर."

"काका, ऐका माझं. टेन्शन नका घेऊ, सोडून द्या."

"दिपेश," मी म्हणालो, "तू कोणालातरी पाठीशी घालतो आहेस."

"हो," दिपेश म्हणाला. "तुमालाच."

हे मला तेव्हा कळायला हवं होतं. पण माणूस एकदा न्यायासाठी उभा राहिला की त्याचे कान बसतात.

रविवारी पार्किंगमध्ये सभा भरली. टँकरचा विषय झाला, गळतीचा झाला, मग मी उठलो आणि माझा विषय मांडला. प्रामाणिकपणा, शेजारधर्म, श्रमाचं फळ असं बरंच बोललो. बायका खाली बघत होत्या. आप्पा शेवटच्या खुर्चीत होते. दिपेशने माझ्याकडे एकदा विनवणीच्या नजरेने पाहिलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर व्हिडिओ लावला.

आधी मी दिसलो, फेरीला जाताना. मग आमचं दार उघडलं. सरोजिनी बाहेर आली. हातात परडी. तिने वेलावरची फुलं एक एक करून खुडली, द्रोणांत घातली आणि चालू लागली. दुसऱ्या कॅमेऱ्यात ती झहूरभाईंच्या गेटवर द्रोण ठेवताना दिसली. त्यांच्या खुर्शीदभाभींनी दारातूनच हात हलवला. तिसऱ्या कॅमेऱ्यात क्षिप्राच्या तुळशीपाशी. चौथ्यात आप्पांच्या कुंडीवर. तिथे आप्पाच उभे होते. सरोजिनी त्यांना काहीतरी म्हणाली आणि आप्पांनी मान डोलावली.

पार्किंगमध्ये कोणी हसलं नाही. ही माणसं हसली असती तर किती बरं झालं असतं.

"हे काय आहे?" मी विचारलं. खरं तर सगळं दिसत होतं, पण काहीतरी विचारणं भाग होतं.

सरोजिनी बसल्या जागेवरूनच म्हणाली, "ज्यांची ज्यांची घेतलीत, त्यांना पोचवतेय."

"मला सांगायचंस तरी."

"तुमच्या आनंदावर विरजण नको म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं, यांना कळू देऊ नका. इतक्या हौसेने लावलंत."

म्हणजे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. आप्पांनाही. मी त्यांना चोर म्हटलं तेव्हा एका शब्दात ते मला गप्प करू शकले असते, पण सरोजिनीला दिलेल्या शब्दासाठी त्यांनी ते सोसलं.

"आणि देवाला?" मी हळूच विचारलं. "एक तरी फूल देवाला ठेवायचंस. त्यासाठीच लावला होता ना मी वेल?"

सरोजिनीने माझ्याकडे पाहिलं. "रोज पहिलं फूल देवाला ठेवते. पहिल्या दिवसापासून. तुम्ही कधी देव्हाऱ्यात बघितलंत का?"

नव्हतं बघितलं. इतक्या वर्षांत मी देवासाठी फुलं पुष्कळ आणली, पण ती आणून ओट्यावर ठेवली की माझा देवाशी संबंध संपायचा. इतक्यात झहूरभाई उठले आणि मला वाचवायला म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. तुमची भाभी त्या फुलांचा चहा करते, निळा. मस्त होतो. आणि जास्वंदीच्या खालच्या फांद्या मी मुद्दाम छाटत नव्हतो. म्हटलं, तुमचा हात पोचावा."



सभा संपल्यावर मी आप्पांच्या घरी गेलो. माफी मागायची मला सवय नाही. कचेरीत आम्ही चुकीला 'अनवधान' म्हणत असू. दारात उभा राहून म्हणालो, "आप्पा, चुकलो." ते आत गेले, बूट घालून आले आणि म्हणाले, "चला, फेरी राहिलीय." बोलणं एवढंच. म्हणून तर म्हटलं, मैत्री टिकली.

मग मी सरोजिनीला सांगितलं की यापुढे फुलं मी पोचवीन. घेतली मी, द्यायलाही मीच जायला हवं. तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि परडी दिली नाही. पिशवीच दिली. "सवयीची आहे," म्हणाली.

पहिल्याच सकाळी मी झहूरभाईंच्या गेटवर द्रोण ठेवला आणि बी विंगकडे वळलो, तोच शिट्टी वाजली. सोसायटीत साताऱ्याकडचा नवा वॉचमन आला होता. त्याने माझी पिशवी धरली.

"काय घेऊन चाललाय, आजोबा?"

"घेऊन नाही. द्यायला चाललोय."

"समदी असंच म्हणत्यात."

मी त्याला सेक्रेटरीला फोन लावायला सांगितलं. त्याने लावला, स्पीकरवर. दिपेश झोपेतच होता.

"अरे, सोड त्यांना," दिपेश म्हणाला. "खांबेटे काका हायेत ते. आता फुलं घेत नाय, वाटतात. निळी फुलं असतील बघ पिशवीत."

वॉचमनने पिशवीत हात घातला.

"हायती सायेब, निळी हायती," तो म्हणाला. मग आणखी खाली बघून म्हणाला, "पन खाली एक लाल जास्वंद बी हाय."

मी पिशवीत वाकून पाहिलं. होतं. टवटवीत, देठासकट. ते तिथे कधी आलं, मी शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. झहूरभाई खालच्या फांद्या अजूनही छाटत नाहीत.