नाव विलायतेचं, काजू आपला

बंगळुरात भाड्यानं घर बघायला गेलं की मालक पगार विचारतो, मटण शिजवता का विचारतो, लग्न कधी करणार तेही विचारतो. मानोजीअण्णांनी मला एकच प्रश्न विचारला. "आइस्क्रीम कुठलं आवडतं?"

मी निपाणीचा साधा माणूस. म्हटलं, "बटरस्कॉच." वरच्या मजल्याची किल्ली लगेच हातात! माझ्या आधी आलेल्या पोरानं म्हणे कसलंसं बेल्जियन चॉकलेट सांगितलं होतं. त्याला अण्णांनी देवनहळ्ळीत घर बघायला सांगितलं. "विमानतळ जवळ आहे तिथं. बेल्जियमला जायला बरं पडंल."

अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात मुरलेलं. घरात मराठीच, पण कानडीतलं 'स्वल्प', म्हणजे जरा, आणि 'सरी', म्हणजे बरं, यांच्याशिवाय त्यांचं वाक्य उभं राहत नाही. उभी नोकरी यशवंतपूरच्या एका आइस्क्रीम कारखान्यात काढली, तीही बटरस्कॉचच्या क्रंचवर. साखर तांबूस होईपर्यंत तापवायची, लोणी आणि काजू घालायचे, थापून गार करायचं आणि फोडायचं. ते कुरकुरीत खडे म्हणजे क्रंच. लोक नोकरी केली म्हणतात. अण्णा "मी क्रंच केला" म्हणतात, आणि ते अशा थाटात की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी सीमेवर लढून आलाय.

"बटरस्कॉच मूळचं कोणाचं?" हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्याला विचारलाय, गॅसवाल्याला विचारलाय, सत्यनारायणाला आलेल्या भटजींनाही सोडलं नाही. उत्तर आपण द्यायचं नसतं.

"स्वल्प थांब, मी सांगतो. विलायतेत ती नुसती गोळी होती. चघळायची आणि गप बसायचं. आइस्क्रीम करून तिला डोक्यावर कोणी घेतली? आपण! लग्नात वाटतात काय? वाढदिवसाच्या केकात असतं काय? नाव विलायतेचं, काजू आपला!"

यातला खरा इतिहास किती आणि अण्णांच्या पदरचा किती, देव जाणे. पण ते छाती काढून सांगायला लागले की माझा त्यात काडीचा संबंध नसताना मलाही अभिमान वाटतो. वाटतो तर वाटतो, लपवू कशाला?

होसकोट्याला एका लग्नात त्यांनी आधी आइस्क्रीमचं टेबल गाठलं, नवरानवरी नंतर. क्रंच सादळलेला निघाला. "अय्यो! याला क्रंच म्हणायचं? ओला झाला की मेला तो!" मुलीचा बाप धावत आला. त्याला वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं.

आणि अशा माणसाचे दात कामातून गेले. गेल्या वर्षी गाल सुजायला लागला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, हिरड्या सडल्यात, सगळे दात काढायला हवेत. अण्णा काही ऐकेनात. आज काय अमावास्या, उद्या काय पाहुणे. गालाला मफलर गुंडाळून अंगणात कण्हत बसायचे.

"क्रंचपायी जीव देताय काय, अण्णा?" मी चिडवलं.

"सरी, सरी. तुला काय कळतंय," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय.

एका संध्याकाळी सहज खाली गेलो तर अण्णा आणि त्यांची बायको, अक्का, स्वयंपाकघरात, पुढ्यात बटरस्कॉचच्या दोन वाट्या. अक्कांचे दात केव्हाच गेलेत आणि कवळी टोचते म्हणून त्या ती लावत नाहीत. अण्णा चष्मा चढवून, तांदूळ निवडावेत तसे, अक्कांच्या वाटीतले खडे एकेक वेचत होते आणि आपल्या तोंडात टाकत होते. सुजलेल्या गालानं चावताना डोळ्यांत पाणी येत होतं. सगळे खडे निघाल्यावर त्यांनी ती मऊ वाटी अक्कांपुढं सरकवली.

"बघ बाबा, सांग यांना," अक्का मला म्हणाल्या. "खडे टाकून द्या म्हटलं तर यांचा जीव होत नाही. आणि जन्मभर यांनी जे केलं ते केरात गेलेलं मला तरी बघवंल काय? मी म्हटलं, दात काढून घ्या, मी आइस्क्रीम खायचंच सोडते."

"ऐकलंस?" अण्णांचा आवाज चिरकला. "सोडते म्हणे! तेवढं एकच तर आवडीनं खाती ती."

 एवढे दिवस मी कशावरून चिडवत होतो! म्हटलं, "अण्णा, दात काढा. मी वरच राहतो की. माझे दात काय गहाण पडलेत?"

अण्णांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "सगळे स्वतःचे आहेत?"

"सगळे."

त्याच आठवड्यात ते दवाखान्यात गेले. हिरड्या भरून आल्यावर मला खालून हाक आली. अक्कांची वाटी मधे होती. अण्णांनी खडे वेचले, तळहातावर घेतले आणि हात माझ्यापुढं केला. मी ते तोंडात टाकून हळूच चघळायला लागलो. म्हातारा बोळक्या तोंडानं समोर बसलाय, त्याला कशाला वाईट वाटायला लावा! तिकडं अक्कांनी पहिला चमचा तोंडात घातला.

 अण्णा खुर्ची माझ्याजवळ ओढून म्हणाले, "चोरून काय खातोस रे? मोठ्यानं चाव. मला ऐकू येऊ दे."