बस म्हणण्याची रीत

मी एका सरकारी कार्यालयात तक्रार कक्षात आहे. कार्यालयाचं नाव सांगत नाही, नाहीतर आमचीच तक्रार आमच्याकडे यायची. काम सोपं आहे. तक्रार आली की ऐकून घ्यायची. तीच पुन्हा आली की ‘वर कळवलं आहे’ म्हणायचं. तिसऱ्यांदा आली तर माणसाकडे न बघता नुसती मान हलवायची. नंदाबाई नावाची एक बाई नळाला पाणी नाही म्हणून उन्हाळाभर येते आहे. तिचा आवाज आता मला पंख्याच्या आवाजासारखा वाटतो.

बसून बसून माझं वजन वाढलं, साखर चढली. यवतमाळच्या डॉक्टरांनी समोर बसवून मला शरीराचा कारभार समजावला.

“अनंतराव, पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक मेंदूला भूक कळवतं. आणि अंगातली चरबी लेप्टिन पाठवून कळवते, की साठा भरपूर आहे, आता बस.”

“मग माझ्या मेंदूला का कळत नाही?”

“तुमच्याकडे चरबीच इतकी आहे, की ती सारखी कळवत असते. ऐकून ऐकून मेंदूनं लक्ष देणंच सोडलं.”

“बरोबर आहे त्याचं,” मी म्हणालो. “रोज तेच रडगाणं गाणाऱ्याचं कोण ऐकेल?”

डॉक्टर चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. “आता आतून कोणी बस म्हणणार नाही. तुम्हालाच तोंडानं म्हणावं लागेल. गोड बंद. नाहीतर पुढच्या खेपेला इन्सुलिनची सुई.”

सुईला मी लहानपणापासून घाबरतो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. माझ्या सुकाळात तो आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. त्या दिवशी जावई देवासमान असतो, त्यामुळे त्याला मत नसतं.

माझी बायको कुंदा हिनं घाटंजीला आईला फोन करून बजावलं, “आई, ह्यांना गोड चालत नाही बरं.”

“माहीत आहे व,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून त कमीच करून राह्यली.”

कमी म्हणजे परातभर.

पहिल्या धोंड्यानंतर मी बस म्हणालो. सासूबाईंनी हसून दुसरा वाढला. मी म्हणालो, “आई, खरंच बस.” त्यांनी तिसऱ्यावर तुपाची धार सोडली. मग मी ताटावर हात आडवा धरला आणि सासऱ्यांना म्हणालो, “बापूजी, डॉक्टरांनी मनाई केली आहे.”

“डॉक्टर त सगळ्यायलेच मना करते, जवाईबापू,” बापूजी म्हणाले. “पहिलं बस लाजेचं, दुसरं रीतीचं. अन् तिसऱ्यावर वाढलं नाही, त सोयरे म्हणतीन, हात आखडला.”

“मग ज्याचं खरंच पोट भरलं, त्यानं काय म्हणायचं?”

हा प्रश्न त्या घराण्यात आजवर कोणी विचारला नव्हता.

“तोही बसच म्हणते न जी,” बापूजी म्हणाले. “काहून?”

मी कुंदाकडे बघितलं. फोन करणारी हीच बाई! ती हळूच म्हणाली, “आईचा मान ठेवा. एवढा एकच.”

“अहो, सांगून राह्यलो न, बस!” मी ओरडलो.

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता मान हलवली आणि वाढलं. मान हलवायची ती पद्धत मला चांगली ठाऊक आहे.

सुई लागली. आता मी ती कार्यालयातच जेवणाच्या सुट्टीत घेतो. परवा सुई टोचत असतानाच नंदाबाई खिडकीशी आली.

“काय झालं जी साहेब?”

मला भरून आलं. “किती वेळा सांगितलं, बाई, पण कोणी ऐकूनच घेतलं नाही हो!”

तिनं सुईकडे बघितलं. मग म्हणाली, “असं होते साहेब. नळाले पाणी नाही.”

मी मान हलवली.

हसताय? हसा. पण गेल्या लग्नात ताटावर आडव्या धरलेल्या एका हाताच्या बोटांतून जिलबी सरकवणारे तुम्हीच होतात ना? त्या माणसाला सुई लागली का, तेवढं एकदा विचारून या.