पेटीवरचा पत्ता

टण्ण!

अडगळीच्या खोलीतली शांतता मोडत दारापलीकडे काहीतरी फरशीवर पडलं. पाठोपाठ पिटुकलीचा आवाज आला, "आई, दाराची मूठ माझ्याकडे आली."

पिटुकलीची आई आत एका काळ्या लोखंडी पेटीवर बसली होती. समोर दुसरी पेटी, तिच्यावर लॅपटॉप आणि पडद्यावर डोळ्यांपर्यंत टोपी ओढलेला एक तरुण. अख्ख्या क्वार्टरमध्ये कवायतीचा आवाज न पोचणारी एवढीच खोली होती, म्हणून ती लोकांच्या मनाची गाऱ्हाणी इथे बसून ऐकायची. तिने उठून आतली मूठ फिरवली. मूठ गरगर फिरली, दार ढिम्म.

"मॅडम, तुम्ही अडकलात का?" टोपीवाल्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"मला वाटतं, अडकलात."

तिचा नवरा फौजी. नव्या गावात तिने काम शोधावं, लोक तिच्यापाशी बोलते व्हावेत, की बदलीचा हुकूम आलाच. विंचवाचं बिऱ्हाड निदान त्याच्या पाठीवर तरी असतं. हिचं काम दर वेळी मागे राहायचं. ही ऑनलाइन नोकरी मात्र पेटीत घालून कुठेही नेता आली असती. पण ती अजून पक्की नव्हती. समुपदेशन केंद्राच्या थोरल्या मॅडम आज संध्याकाळी टोपीवाल्याला फोन करून विचारणार होत्या, की बाबा रे, काही फरक पडतोय का? आणि टोपीवाल्याचं दुखणं नेमकं हेच होतं, की अनोळखी माणसाचा फोन म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. कित्येक महिन्यांत त्याने एकही उचलला नव्हता.

"पिटुकले, माझा मोबाइल आण."

"तो वर आहे. स्टुलावर चढायचं नाही म्हणालीस."

"मग शेजारच्या काकूंना हाक मार."

"एकटीनं बाहेर जायचं नाही म्हणालीस."

एरवी एक न ऐकणारी पोर आज आज्ञाधारकपणाची कमाल करत होती. आईला भूक लागेल म्हणून तिने दाराच्या फटीतून एक बिस्किटही आत सरकवलं.

नवरा सीमेवर, तिथे फोन लागायचाच नाही. थोरल्या मॅडमना मेल करणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा. तिने टोपीवाल्याकडे पाहिलं आणि त्याला ते लगेच कळलं.

"नाही हं, मॅडम!"

"फाटकावरच्या चौकीला एकच फोन."

"तुम्हीच म्हणालात, आधी आरशासमोर सराव, मग मावशीला फोन. अनोळखी माणूस सगळ्यात शेवटी."

"म्हणाले होते. तेव्हा मी कोंडलेली नव्हते."

तेवढ्यात दारापलीकडे भोकाड ऐकू आलं. "आई, तू आता आतच राहणार?"

ते रडणं टोपीवाल्यालाही ऐकू गेलं. त्याने टोपी वर सारली. त्याचं कपाळ तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"पत्ता सांगा."

घाईत तिला पत्ता आठवेना. समोरच्या पेटीवर पांढऱ्या रंगात रंगवला होता, तो तिने वाचून दाखवला. चौकीचा नंबर तोंडपाठ होता.

पडद्यावर तो लालबुंद झाला, अडखळला, खुर्चीतून अर्धा उठला. मग ओरडला, "बोललो! मॅडम, मी बोललो! माणसं निघाली!"

तिने टाळ्या वाजवल्या. वाट पाहिली. दार कोणी वाजवलं नाही. वाजला तो टोपीवाल्याचा फोन, आणि त्याने तो उचलला.

"मॅडम, ते म्हणतायत तुम्ही आत नाही आहात."

"अहो, मी आतच आहे!"

"तसं सांगतो." त्याने सांगितलं, ऐकलं आणि आवाज खाली आणला. "ते म्हणतायत, तिथे एक सुभेदारीणबाई राहतात. आत कोणी अडकलंय म्हणून त्यांच्या अडगळीच्या खोलीचं कुलूप फोडलं. आत सायकल निघाली. बाई भयंकर चिडल्यात."

तिने पेटीकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बदली झाल्यापासून पेटी रंगवायची राहिली होती. पत्ता मागच्या गावचा होता, आणि पाठ असलेला नंबरही तिथलाच.

"असू द्या," टोपीवाला म्हणाला. "बाईंची माफी मी मागतो. तुमच्या आताच्या चौकीचा नंबरही त्या जुन्या चौकीकडूनच घेतो. आता एक फोन काय आणि चार काय! फक्त पत्ता खरा द्या."

तो पिटुकलीने दिला. शाळेत पाठ करून घेतलेला, दारापलीकडून, सुरात.

थोड्या वेळाने जवान आणि सुतार आले. पिटुकलीने आधी दोघांची नावं विचारली, मगच बाहेरच्या दाराची कडी काढली.

संध्याकाळी थोरल्या मॅडमचा फोन आला. "अगं, पहिल्या घंटीला उचलला त्याने! म्हणतो, माझ्यासाठी मॅडमनी स्वतःला कोंडून घेतलं, आणि जास्त फोन करावे लागावेत म्हणून मुद्दाम चुकीचा पत्ता दिला."

खरं सांगितलं की गेलीच तोंडाशी आलेली नोकरी. "मॅडम, तसं नाहीये. मी खरंच अडकले होते. आणि पत्ताही खरंच चुकला."

"ते कळलं गं मला. हौसेनं कोण कोंडून घेतंय? पण तो बोलता झाला ना? झालं तर मग. नोकरी पक्की. आधी ती मूठ बसवून घे."

फोन ठेवून तिने काळा-पांढरा रंग आणि ब्रश काढला. जुन्या पत्त्यावर काळा हात मारून नवा लिहिला, तरी त्याखालचे आधीचे पत्ते पुसटसे दिसतच होते. नुकतीच वाचायला लागलेली पिटुकली शेजारी उकिडवी बसून एकेका पत्त्यावरून बोट फिरवत होती. शेवटच्या ओल्या अक्षरांपाशी ती थांबली.

"आई, यातलं आपलं घर कुठलं गं? आणि 'तुला काय वाटतं' असं मलाच विचारायचं नाही हं!"