तीनदा विचारणारे आप्पा

माझे चुलते नथ्थूआप्पा कुठलीही गोष्ट तीनदा विचारतात. "गाडी शहादाले जाई का?" असं त्यांनी एका रिक्षावाल्याला इतक्या गंभीरपणे तीनदा विचारलं, की त्या बिचाऱ्याने खाली उतरून स्वतःच्याच रिक्षावरची पाटी वाचली. माझ्या लग्नात तर भर मांडवात, सासरच्या मंडळींसमोर, "नवरी पसंद शे ना?" तिसऱ्यांदा ऐकल्यावर मलाच घाम फुटला होता.

का, म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं. "पहिलं 'नही' तोंडनं ऱ्हास. तिसरं पोटनं." पहिला नकार तोंडदेखला, तिसरा खरा, असं त्यांचं म्हणणं.

आप्पा हिवताप खात्यातले. उभी नोकरी धडगावच्या डोंगरात गेली. घरोघर ताप विचारायचा, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या घराकडे वळायचं. आता निवृत्त होऊन शहाद्यात एकटेच राहतात.

आमच्या संस्थेने हिवताप-डेंगीसाठी एक अ‍ॅप आणलं. रोज सकाळी ते विचारायचं, 'घरात कुणाला ताप आहे?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. अ‍ॅप वापरायला सोपं आहे का, हे तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी ओळखीच्या लोकांना ते वापरायला दिलं आणि कागदावर एक ते पाच गुण मागितले. सगळ्यांनी पाच दिले. आप्पांनी स्वतःच्या हाताने शून्याचा चौकोन काढला, त्यावर खूण केली आणि कारण लिहिलं, 'एकदाच विचारते.'

मी हसलो, तेव्हा त्यांनी सांगितलं. एका पाड्यावर दारातल्या बाईने मान हलवून ताप नाही म्हटलं. ऊसतोडीला न्यायला मुकादमाची गाडी उभी होती. आजारी पोर दिसलं असतं, तर गाडी त्यांना टाकून निघून गेली असती. आप्पांनी भिंतीवर तारीख लिहिली आणि ते डोंगर उतरले. पोर आत गोधडीत होतं. पुढच्या खेपेला भिंतीवर त्यांची तारीख होती, पोर नव्हतं.

"मन्हंच अक्षर व्हतं," एवढंच म्हणाले.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी घरी येऊन मी अहवालात आप्पांचे गुण वगळले आणि लिहिलं, 'वय जास्त, मोबाईलची सवय नाही.'

चाचणी अजून चालूच होती. त्यानंतर एक दिवस आप्पांचं सकाळचं उत्तर आलं नाही. माझ्या तक्त्यात एक घर रिकामं दिसायला लागलं, म्हणून मी फोन केला.

"आप्पा, ताप नही ना?"

"नही."

"बरं," म्हणालो, फोन ठेवला आणि त्या घरात मीच 'नाही' भरून टाकलं.

तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. हिवतापच होता. मी गेलो तेव्हा ते उशाला टेकून बसले होते.

"ताप व्हता, मंग सांगं काबर नही?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"मी फोन कानलेच लाई ऱ्हायंतू," आप्पा म्हणाले. "वाटनं, तू आनखी दोनदा इचारशी."

माझा अहवाल तोवर वर पोचला होता. शेवटची ओळ माझीच होती: 'वापरायला अतिशय सोपे.'