बंद दाराआडची दाद

निवृत्त माणसाने शक्यतो कशात रस घेऊ नये. मी संगीतात घेतला.

त्याला कारण आमचे व्याही बन्सीधरराव. पालमला त्यांच्या घरी गाण्याची बैठक होती. गवई बराच वेळ तंबोरा छेडत होते, तबलजी हातोडी ठोकत होता. ते थांबले तशी मी जोरदार टाळी वाजवली. मग कळलं, ती नुसती जुळवाजुळव होती. गाणं पुढेच होतं.

दिवाळीला पुन्हा बैठक ठरली. म्हणून जिंतूरला परतताच मी 'शास्त्रीय संगीत कसे ऐकावे' हा ऑनलाइन कोर्स लावला. अगदी गुपचूप. (व्याह्यांना कळलं असतं तर लेकीच्या सासरी उरलीसुरली अब्रूही गेली असती.) वर्गात कॅमेरा बंद ठेवणारा कुणी 'श्रोता, पालम' होता. तो व्याह्यांच्या कानावर घालील, असा मला पहिल्यापासून संशय होता.

दुपारी जेवून मी दार लावून, कानाला हेडफोन अडकवून आरामखुर्चीत बसे. डोळे मिटून ऐका, असं गुरुजींनी सांगितलं होतं. तेवढं मला पहिल्याच तासाला जमलं. गाणं बाहेर ऐकू जात नसे. माझी दाद तेवढी जाई.

शेजारच्या नर्मदाबाईंनी आमच्या सौ.ला गाठलं. "शुभदाताई, दार लावून साहेब कोणाला म्हणायलेत हो, 'क्या बात है, पुन्हा एकदा'?"

त्या दिवसापासून माझ्या चहातली साखर कमी झाली आणि दाराबाहेर केरसुणीच्या फेऱ्या वाढल्या. शेवटी चारठाण्याहून मेहुणा भागवत एसटीने दाखल झाला.

त्या दुपारी एका जुन्या गायिकेचं ध्वनिमुद्रण चालू होतं. "क्या बात है! पुन्हा एकदा!" मी ओरडलो आणि दार धाडकन उघडून सौ. आत आली, मागोमाग मेहुणा.

"कोणाय ती?"

"गायिका आहे."

"बघ भागवत, कबूल करायलेत!"

"अगं, ती वारून चाळीस वर्षं झाली!"

"दाजी," भागवत गंभीर झाला, "इतकी जुनी भानगड?"

सौ.ने हेडफोनची वायर उपटली. माझा माईक चालू होता, हे मला तेव्हा कळलं.

"विहीणबाई," मोबाइलमधून ओळखीचा आवाज आला. 'श्रोता, पालम'ने कॅमेरा उघडला होता. बन्सीधरराव! "ह्यांच्यावर शक घेऊ नका. क्लासच हाय. मीबी चोरूनच शिकायलोय. त्या दिवशी बैठकीत ह्यांचं बघून मीबी टाळी वाजवली होती."

मला लय हायसं वाटलं. व्याही इथेच थांबले असते तर!

"अन् मी रोज बघतो ना. गाणं सुरू झालं की ह्यांची मान पडते. मधेच दचकून उठतात, 'क्या बात है, पुन्हा एकदा' म्हणतात अन् परत झोपतात."

(ऑफिसात दचकून उठलो की मी 'होय साहेब' म्हणत असे. फक्त शब्द बदलले होते.)

सौ.ने माझ्याकडे नीट पाहिलं. मग खिडकीशी जाऊन तिने हाक दिली, "नर्मदाबाई, बिनघोर ऱ्हावा. बाईबिई काही न्हाई. ह्यांनी झोपायचा क्लास लावलाय, फी भरून!"