आबासाहेबांच्या मनगटाचे ड्रॉइंग

शनिवार, दिनांक २५ सप्टेंबर १९७१. वेळ सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. राहुरीकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत हेडफिटर आबासाहेबांनी अंघोळीनंतर टॉवेल पिळला आणि त्यांच्या उजव्या मनगटात, करंगळीच्या बाजूने, सणकन कळ आली. त्या क्षणी साऱ्या वसाहतीत दुखणाऱ्या मनगटांची संख्या होती एक.

"गुरुवारी गंजलेला नट सोडवताना पान्याला हिसका बसला होता, त्याचंच हे!" आबासाहेब म्हणाले.

"मग दवाखान्यात जावा की," चुलीपाशी बसलेल्या गोजरबाई म्हणाल्या.

"दवाखाना? अगं, ज्या माणसाने डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून, सात पंपांचे दोष शोधले, त्याला स्वतःच्या मनगटाचा दोष सापडणार नाही? आठ दिवसांत निदान आणि पंधराव्या दिवशी मनगट नवंकोरं! लिहून ठेव!"

गोजरबाईंनी लिहून ठेवले नाही. त्यांना लग्नापासूनचा अनुभव होता.

आबासाहेबांना घाई होती, त्याला कारण होते. आठ नोव्हेंबरला गळीत हंगाम सुरू व्हायचा होता. बॉयलर पेटला, मोळी टाकली, नारळ फुटला की सारा समुदाय श्वास रोखून हेडफिटरकडे पाही. मग आबासाहेब पुढे होत आणि मुख्य वाफेचे लोखंडी चाक चौदा फेरे फिरवून उघडत. वाफ सुटे, चरक गुरगुरू लागे आणि हंगाम सुरू होई. गेली बारा वर्षे त्या चाकाला त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. यंदा मनगट नादुरुस्त राहिले, तर?

तंत्रनिकेतनात आबासाहेब एक गोष्ट पक्की शिकले होते. यंत्र कुरकुरू लागले की ते चालवून पाहायचे, म्हणजे दोष स्वतः बोलतो. त्यांनी मनगटासाठी तीन चाचण्या ठरवल्या. पहिली, मूठ वळून ती करंगळीकडे झुकवणे. दुसरी, ओला टॉवेल पिळणे. तिसरी, खुर्चीच्या हातावर तळवा दाबून उठणे. प्रत्येक चाचणी चार वेळा, दिवसातून चार सत्रे. निकाल वहीत. 'सौम्य', 'मध्यम', 'आई गं'.

पहिल्या दिवशी सारे निकाल 'सौम्य' होते. पाचव्या दिवशी 'मध्यम' झाले. नवव्या दिवशी वहीत सगळीकडे 'आई गं' लागले, तसे आबासाहेबांना धक्काच बसला. पद्धत इतकी काटेकोर आणि दुखणे वाढते कसे? त्यांनी वेखंडाचा लेप लावला, मिठाच्या पुरचुंडीने शेकले, पट्टा बांधला आणि प्रत्येक उपायानंतर तो लागू पडला की नाही ते तीन चाचण्यांनी तपासले. नाही पडला!

त्यांचा मदतनीस अल्लाबक्ष रोज सकाळी विचारपूस करायला येई.

"आबासाहेब, कसं केल्यावर दुखतंय?"

"असं."

"असं?" म्हणून अल्लाबक्षही मूठ वळून करंगळीकडे झुकवून पाही. "माझं न्हाई बुवा दुखत!"

जो येई तो हेच करी. किराणावाला, पोस्टमन, शाळेचे हेडमास्तर. वसाहतीत दोन माणसे भेटली की नमस्काराऐवजी मुठी झुकवू लागली.

अखेर आबासाहेबांनी हार मानली, तीही पद्धतशीर. नगरच्या हाडांच्या डॉक्टरांना आधी सारा तपशील कळावा म्हणून त्यांनी एक पूर्ण रात्र खर्ची घालून मनगटाचे ड्रॉइंग काढले. पुढून, वरून आणि बाजूने, मूळ मापात. आत काय आहे ते दिसावे म्हणून मनगटाच्या आरपार तुटक रेषा आखली, तिच्या दोन्ही टोकांना बाण काढले, 'क' आणि 'क' लिहिले, आणि शेजारी त्या जागी हात आडवा कापला तर हाडे कशी दिसतील तेही तिरप्या रेघा मारून दाखवले. यंत्राचा कुठलाही भाग असाच दाखवतात.

गुंडाळी त्यांनी मेहुण्याकडे, म्हणजे गोजरबाईंचा भाऊ कानिफनाथ याच्याकडे दिली. तो लॉरी घेऊन नगरला निघाला होता. शुक्रवारी डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. चहाच्या टपरीवर कानिफनाथने सहज गुंडाळी उलगडली आणि त्याचा चहा बशीतच राहिला!

तिथून त्याने लॉरी घातली ती थेट पारनेरला, आबासाहेबांच्या थोरल्या बहिणीच्या, मालनबाईंच्या दारात.

रविवारी सकाळी आठ वाजता वसाहतीत लॉरी थांबली. मागच्या फळीतून नऊ माणसे उतरली आणि मालनबाईंचा गळा खोलीत शिरायच्या आधीच निघाला.

"आबा रं! काय ही पाळी आली रं माझ्या भावावर!"

आबासाहेब त्या वेळी टॉवेल पिळत होते. चाचणी क्रमांक दोन, फेरी तिसरी.

"आक्का? काय झालं? कोण गेलं?"

"अजून हाय का रं हात? की गेला?"

"कुठे जाईल?"

"दाजी, लपवू नका," कानिफनाथ डोळे पुसत म्हणाला. "म्या कागद बघितलाय. कुठून कापायचा त्ये तुमीच आखून दिलंय! क पासून क पतुर! हाडं कशी दिसतील त्येबी काढलंय!"

गोजरबाईंच्या हातातले पिठाचे ताट खाली पडले. "अहो! मला न सांगता?"

"अगं, तो छेद आहे! कल्पनेतला!"

"आदी कल्पनाच असती," पारनेरकरांपैकी सर्वांत वडील, मालनबाईंचे सासरे आसारामबुवा, गंभीरपणे म्हणाले. "मंग करवत. त्ये ऱ्हाऊ द्या. हात पुरायचा कुठं, त्ये ठरलं का?"

आबासाहेब थक्क होऊन एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"पारनेरला!" मालनबाई म्हणाल्या. "आमच्या मळ्यात, बांधावर. माझ्या भावाचा हात हाय."

"वन्सं, असं कसं?" गोजरबाईंनी पदर खोचला. "हात माझ्या नवऱ्याचा हाय. त्यो हितंच ऱ्हाईल!"

"लगीन व्हायच्या आदी कुनी जेवू घातलं त्या हाताला?"

"आन् नंतर कुनी?"

"अरे, हात अजून मला जोडलेला आहे!" आबासाहेब ओरडले आणि आवेशाने टेबलावर मूठ आपटली. करंगळीच्या बाजूने. 'आई गं!' ही नोंद त्यांना या वेळी वहीत करावी लागली नाही. ती चाळीच्या दोन्ही टोकांना ऐकू गेली, आणि दहा वाजता वसाहतभर झाले की आबासाहेबांचा हात घरीच कापला!

दुपारी अल्लाबक्ष मान खाली घालून आला.

"आबासाहेब, मी काय बोललो न्हाई हां. कारखान्याच्या फळ्यावर चीफ इंजिनेर साहेबांनी चिठ्ठी लावलीय. औंदा चाक मी फिरवायचं म्हनून."

आबासाहेब मटकन खुर्चीत बसले. बारा वर्षांची परंपरा एका तुटक रेषेने कापली होती!

सोमवारी सकाळी आबासाहेब, गोजरबाई, अल्लाबक्ष, कानिफनाथ आणि पारनेरची नऊ माणसे अशी तेरा जणांची लॉरी नगरला पोचली. वाटेत प्रत्येकाने आपापली मूठ करंगळीकडे झुकवून पाहिली. लॉरी खड्ड्यात आदळली की सारे एकदम "स्स!" करीत.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी आबासाहेबांचे मनगट हातात घेतले, करंगळीच्या बाजूच्या खोलगट जागी अंगठा ठेवला आणि दाबले.

"इथं?"

उत्तर ऐकून बाहेरचे बारा जण उभे राहिले.

एक्स-रे निघाला. हाड शाबूत! डॉक्टर म्हणाले, "हिसक्याने आतली गादी आणि तिच्या शेजारची दोरी दुखावलीय. किरकोळ आहे. आठ-दहा दिवसांत आपोआप बरं व्हायला हवं होतं. का झालं नाही?"

आबासाहेबांनी अभिमानाने वही पुढे केली. डॉक्टर पाने उलटू लागले. त्यांच्या भुवया वर जाऊ लागल्या, त्या खाली आल्याच नाहीत.

"हे दिवसातून किती वेळा?"

"अठ्ठेचाळीस. सोळा दिवस. एकूण सातशे अडुसष्ट. एकही चुकवली नाही!"

"आबासाहेब, यंत्र दुरुस्तीला घेतलं की ते चालू ठेवता का?"

"छे, छे! आधी बंद करतो. नाहीतर हात जाईल एखाद्याचा!"

डॉक्टरांनी वही मिटून त्यांच्यापुढे सरकवली. हळूहळू आबासाहेबांचा चेहरा पांढरा पडला. सातशे अडुसष्ट वेळा! पान्याने एकदाच हिसका दिला होता, बाकीचे सारे हिसके त्यांचे स्वतःचे, नोंदणीकृत!

"लाकडी पट्टी घालून चार आठवडे बांधून ठेवायचं. आणि चाचणी एकही नाही."

"मग बरं होतंय हे कळणार कसं?"

"दुखणार नाही. त्यावरून."

बाहेर मालनबाईंनी विचारले, "मंग कापायचं न्हाई?" आसारामबुवांनी सुस्कारा सोडला. बांधावरची जागा त्यांनी येतानाच मनात नक्की केली होती.

ते अठ्ठावीस दिवस आबासाहेबांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गोजरबाईंनी टॉवेल कुलूपबंद केले, हाताची खुर्ची शेजारी नेऊन ठेवली आणि वहीने बंब पेटवला. अपील नव्हतेच. आठ नोव्हेंबरला पहाटे त्यांनी स्वतः पट्टी सोडली. आबासाहेबांनी, गोजरबाई पाठमोऱ्या झालेल्या पाहून, मूठ एकदाच झुकवली. काही नाही! अगदी काही नाही! पण चाक तर अल्लाबक्षचे होते.

इतक्यात दार वाजले. अल्लाबक्ष उभा होता, उजवा हात गळ्यात अडकवून.

"आबासाहेब, चाक तुमीच फिरवा. चीफ साहेबांना सांगून आलोय."

"अरे, तुला काय झालं?"

"तुमचं कसं दुखतंय बघता बघता…" तो ओशाळून म्हणाला. "करंगळीकडूनच."

"मग चीफ साहेब काय म्हणाले?"

"त्ये काय म्हननार? त्येंच्याबी हाताला पट्टी हाय!"

नऊ वाजून बारा मिनिटांनी आबासाहेबांनी चाक चौदा फेरे फिरवले. वाफ सुटली, चरक गुरगुरला, पण टाळ्या मात्र फारच थोड्या वाजल्या. आबासाहेबांनी चकित होऊन वळून पाहिले. मग सवयीने, पद्धतशीरपणे, पहिल्या रांगेपासून मोजायला सुरुवात केली.

पट्टी बांधलेली मनगटे, पारनेरची धरून, एकतीस.